तिसऱ्या मजल्यावरचं भरलेलं कपाट

१

डोक्यावरचं छप्पर चाललंय आणि माणूस बुटाला पॉलिश करत बसलाय, ह्याला म्हणावं तरी काय? आक्कांनी हा प्रश्न आधी मुलाला विचारला, मग जिन्याच्या कठड्याला विचारला, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ज्याच्याबद्दल होता त्यालाच विचारला.

"भाऊजी, तुमच्या अंगात रक्त आहे की नळाचं पाणी?"

"बसा वहिनी," भाऊजी म्हणाले. "दम लागलाय तुम्हाला."

"दम जिन्यानं नाही लागला. तुमच्यामुळं लागलाय."

भाऊजी म्हणजे आक्कांचे धाकटे दीर. आक्का लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हे गृहस्थ अर्ध्या चड्डीत होते. आता सत्तरी ओलांडली, पण आक्कांच्या लेखी चड्डी अजून अर्धीच. लग्न केलं नाही. उभा जन्म मोठ्या बाजारातल्या दुकानांच्या काचेमागे माल मांडून दाखवण्यात गेला. एकेक दुकान बंद पडलं, काम सुटलं, आणि ह्यांच्याकडे एक खोली, एक कपाट, एक टेबल-दिवा आणि कडक इस्त्रीचे दोन सदरे एवढंच उरलं. खोलीचं भाडं मात्र वाढतच गेलं.

म्हणून तर आक्कांनी भाड्याची सरकारी मदत मिळवायचा चंग बांधला होता. त्यांचं कामच ते. शाळेची पायरी त्यांनी चढली न चढली इतकीच. सही करताना जीभ बाहेर यायची. पण कचेरीत कुणी "उद्या या" म्हटलं की आक्का तिथल्याच बाकावर बूड टेकायच्या आणि उद्या उजाडेपर्यंत उठायच्या नाहीत. गल्लीच्या टोकाला एक तरुण वकीलबाई गरीब म्हाताऱ्यांची कामं फुकट करायच्या. कायदा वकीलबाई बोलायच्या, बाकीचं सगळं आक्का. दोघींनी मिळून कितीतरी म्हाताऱ्यांची वीज जोडून आणली होती, कुणाचं पेन्शन सोडवलं होतं. आणि आता घरच्याच माणसाच्या वेळी माशी शिंकली होती.

सकाळीच वकीलबाईंचा फोन आला होता. मदत नाकारली. कारण काय, तर पाहणीला आलेल्या बाईनं कळवलंय की म्हाताऱ्याचं कपाट अन्नानं गच्च भरलेलं होतं. डबे, पाकिटं, साखर, चहा, बिस्किटं. ज्याचं कपाट असं त्याला मदत कशाला?

"गच्च!" आक्का खोलीभर फिरत म्हणाल्या. "अहो, त्याच दिवशी दुपारी मी इथं आले होते. ह्या हातानं ते कपाट उघडलं होतं. आत मिठाची बरणी होती आणि एक झुरळ होतं. ते झुरळसुद्धा निघायच्या तयारीत होतं!"

भाऊजी हसले नाहीत. बुटाचं टोक फडक्यानं घासत राहिले.

"ती बाई आली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"सकाळी फिरायला गेलो होतो. परत आलो, थोड्या वेळानं ती दारात. तिला पाणी आणायला नळावर गेलो. तेवढ्यात तिनं पाहिलं असेल. जाऊ द्या ना, वहिनी."

जाऊ द्या! शुक्रवारी फेरविचाराला ती बाई पुन्हा यायची होती. तेव्हाही मदत मिळाली नाही, तर महिनाअखेर खोली खाली करून शहराबाहेरच्या सरकारी वृद्धगृहात जायचं. तळमजल्यावरच्या टायपिस्टबाईंना मागच्या वर्षी तिथंच नेलं होतं. त्या टाइपरायटरची पेटी घेऊन गाडीत बसल्या, त्या काही परत आल्या नाहीत.

आक्का दारात थबकल्या. एकतर ती पाहणीवाली धादांत खोटं बोलत होती. नाहीतर सकाळी भरलेलं कपाट दुपारपर्यंत आपल्या पायांनी चालत गेलं होतं.

२

पाहणीवाली बाई कोवळीच निघाली. टेबलाखाली चपला काढून बसली होती, आणि टाचेवर फोड आला होता. ते पाहून आक्कांचा आवाज एक पट्टी खाली आला, पण एकच.

"किती घेतलेस घरमालकाकडून?"

पोरीचे कान लाल झाले. "मी खोटं लिहीत नाही, आजी."

"मी तुझी आजी नाही."

"मग काय म्हणू?"

"आक्का म्हण. माझे दुश्मनसुद्धा तेच म्हणतात."

पोरीनं पेन खाली ठेवलं. "आक्का, दिवसभरात मी किती जिने चढते ते माझ्या पायाला विचारा. जे पाहते ते लिहिते. काका पाणी आणायला गेले. कपाटाचं दार उघडंच होतं. मी पाहिलं. इतकं नीटनेटकं कपाट तर माझ्या घरीही नाही. उंच डबे मागे, बुटके पुढे, सगळ्यांची नावं माझ्याकडे तोंड करून. एकही डबा फोडलेला नाही, एक पाकीट उघडलेलं नाही. शेजारचा टेबल-दिवा लागलेला होता, त्यामुळे वरचा कप्पासुद्धा स्वच्छ दिसला."

"हात लावून पाहिलंस?"

"लोकांच्या अन्नाला मी हात लावत नाही."

"दिवा? दिवसाढवळ्या?"

"हो. डोळ्यांत भरला, म्हणून लक्षात राहिला."

आक्का उठल्या. ही पोरगी खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस डोळ्याला डोळा भिडवतो. ही सारखी आपल्या दुखऱ्या टाचेकडे बघत होती. म्हणजे कपाट खरंच भरलेलं होतं. मग कुणीतरी ते भरलं, आणि कुणीतरी ते रिकामं केलं.

परतताना आक्कांनी सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडला. एका गाडीवाल्यानं शिवी दिली. आक्कांनी चालता चालता ती व्याजासकट परत केली, पण डोक्यात वेगळंच घोळत होतं. भाऊजी विजेच्या बाबतीत इतके चिक्कू, की संध्याकाळी अंधारात बसून रेडिओ ऐकतात. त्यांच्या खोलीत दिवसा दिवा लावला तरी कुणी?

३

"सांगू का आक्का, माझं नाव घेऊ नका हं," दुसऱ्या मजल्यावरची शिलाईवाली जिन्यात कुजबुजली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे कुजबूजही टोचत होती. "त्या दिवशी मी रखवालदाराला पाहिलं. खांद्यावर पोतं. आणि पोत्यात डबे वाजत होते, खणखण."

"कधी?"

"ती बाई गेली, त्यानंतर लगेच. तुम्ही यायच्या आधी."

आक्कांचं डोकं तापायला एवढं पुरे होतं. सगळ्या खोल्यांच्या जादा किल्ल्या रखवालदाराकडे. तो मालकाचा माणूस. आणि भाऊजींची खोली रिकामी झाली की मालक ती दुप्पट भाड्यानं देणार, हे इमारतीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. दोन अधिक दोन चार झाले. आक्कांना चाराच्या पुढं मोजायची गरज कधी पडली नव्हती.

रखवालदार तळाशी जिना पुसत होता. तोही म्हाताराच, मालकानं जिन्याखालची खोपटी दिली होती, तिच्यातच राहायचा.

"का रे," आक्का वरूनच गरजल्या, "म्हाताऱ्याच्या खोलीत माल भरायचे किती मिळाले?"

दारं उघडली. माणसं कठड्यावर वाकली.

"आक्का, काय बोलताय?"

"पोत्यात डबे होते की नव्हते?"

"होते. मी सगळ्यांच्याच दारातली पोती उचलतो. कचरा खाली न्यायचं माझं कामच आहे."

"मग कुणाच्या दारातून उचललंस ते पोतं? सांग की चारचौघांत."

रखवालदारानं वर पाहिलं. सगळ्या मजल्यांवरून तोंडं खाली वाकली होती. तिसऱ्या मजल्यावर, कठड्यापासून जरा मागे, इस्त्रीचा एक सदरा उभा होता. रखवालदारानं मान खाली घातली, फडकं पिळलं.

"नाही सांगत," तो म्हणाला.

एवढं झालं, आणि इमारतीचा निकाल लागला. संध्याकाळपर्यंत मालकाचा निरोप आला: माणसानं परस्पर काही उद्योग केले असतील तर आपला संबंध नाही, शुक्रवारी त्याला कामावरून काढतो. मालकानं हात झटकले होते. शिलाईवाली म्हणाली, आक्का जिंकल्या. आक्का मात्र जेवणाच्या ताटावरून दोनदा उठल्या. एकदा खिडकी लावायला, आणि एकदा लावलेली खिडकी उघडायला.

गुन्हेगार पैसे घेतो, आळ आला की ओरडतो, दुसऱ्यावर ढकलतो. हा नुसता गप्प बसला. कुणासाठी?

४

"आई, तू बस तरी," दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा म्हणाला.

आक्कांचा मुलगा किराणा दुकानाची गाडी चालवायचा, घरोघर सामान पोचवायचा. आक्कांनी त्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घेरलं.

"खरं सांग. काकाच्या कपाटात सामान तू भरलंस? दया येऊन?"

"मी? माझ्याच कपाटात काय असतं, ते तुझ्या सुनेला विचार."

आतून सूनबाईंचा आवाज आला. "काय असतं? तुमच्या आईचे टोमणे असतात. तेवढा साठा आहे आपल्याकडे."

आक्कांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं. सुनेच्या विनोदाला हसलं की घराची शिस्त बिघडते.

"काकाला काही दिलं तर चालतं का?" मुलगा म्हणाला. "पाव दिला तर म्हणतो, आत्ताच जेवलो. फळ दिलं तर म्हणतो, डॉक्टरनं मनाई केलीय. कुठला डॉक्टर, देव जाणे. जन्मात त्यानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, तीही पंधरवड्यापूर्वी."

"काय?"

"वाटीभर पीठ."

आक्का थांबल्या.

"पीठ? भाऊजींना पाणी तापवण्यापलीकडं काही करता येत नाही. तव्याची त्यांची ओळख नाही. त्यांनी पिठाचं काय केलं?"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, तू शिकवलं असशील काही."

आक्कांनी चपला घातल्या. भाऊजी त्या वेळी फिरायला गेलेले असत. त्यांच्या खोलीची एक किल्ली आक्कांकडे पहिल्यापासूनच होती. खोली नेहमीसारखी झाडलेली, चादर ताणून घातलेली. कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर पातेलं पालथं घातलेलं. आक्कांनी ते उलटं केलं. आत कडेला पांढरट पापुद्रा चिकटला होता. नखानं खरवडला, नाकाशी नेला, जिभेला लावला. मीठ नाही, तिखट नाही, करपल्याचा वास नाही. बोटांत चोळला तर बोटं एकमेकांना चिकटायला लागली.

पोटात घालायचं पीठ असं कुणी शिजवत नाही. ही खळ होती. कागद चिकटवायची खळ.

५

जिन्याखालच्या खोपटीत रखवालदार सामान बांधत होता. आक्कांना दारात पाहून त्यानं हात जोडले नाहीत, बसायलाही सांगितलं नाही. ते त्याचं बरोबरच होतं.

"त्या दिवशीचं पोतं कुठाय?" आक्का म्हणाल्या.

"भंगारवाला सोमवारी येतो. तिथं मागं पडलंय. काय, आता डब्यांचीही झडती?"

आक्का वळल्या. मागच्या अंगणात जाऊन पोतं ओढून काढलं आणि फरशीवर उपडं केलं. डबे घरंगळत गेले. रिकामे, धुतलेले, चकचकीत. सोबत पुठ्ठ्याची पाकिटं, ती आतून जुन्या वर्तमानपत्रांनी फुगवलेली.

आक्का खाली बसल्या आणि एकेक डबा उभा करायला लागल्या. नाव सरळ वाचता येईल असा ठेवला की डबा पालथा व्हायचा, कापलेलं तोंड खाली. तोंड वर केलं की नाव उलटं. एक डबा तसा, दुसरा तसा, सगळे तसेच. कुणीतरी लोकांनी खाऊन टाकलेले डबे गोळा केले होते, धुतले होते, त्यांच्यावरचे कागद भिजवून काढून उलटे चिकटवले होते. का? तर डबा पालथा ठेवला की न कापलेला तळ वर येतो आणि भरलेला, न फोडलेला दिसतो.

रखवालदार येऊन शेजारी उभा राहिला होता. "हे काय?"

"तू पाहिलं नव्हतंस?"

"मी पोत्यात डोकावून एवढंच पाहिलं की टाकलेले डबे आहेत, आणि तेही चाटूनपुसून स्वच्छ." त्यानं एक डबा उचलून पुन्हा खाली ठेवला. "मला वाटलं, तुमचे भाऊजी लोकांचे डबे कचऱ्यातून काढून नेतात आणि उरलंसुरलं खातात. जिन्यात सगळे उभे होते, आक्का. त्यांच्यासमोर मी ते कसं सांगणार होतो? त्या माणसाच्या सदऱ्याला कधी चुणी नसते."

आक्कांनी हातातला डबा खाली ठेवला. जिनाभर ज्याला त्यांनी चोर म्हटलं, तो त्यांच्याच दिराची लाज झाकत उभा होता.

"मालकाचा संबंध नाही," त्या शेवटी म्हणाल्या, स्वतःशीच. "मालकाला कपाट भरलेलं दाखवायचं असतं तर त्यानं दुकानातून चार भरलेले डबे पाठवले असते. त्यात काय जातं त्याचं? पैसेवाला भरलेला डबा विकत आणतो. रिकामा डबा भरलेला दिसावा म्हणून एवढा खटाटोप करणारा माणूस एकच असतो, ज्याच्या खिशात काही नाही तो. आणि उंच मागे, बुटके पुढे, नावं समोर, बाजूनं उजेड... आपण जेवतो त्या कपाटात असं कधी असतं का? आपल्या कपाटात अर्धं पाकीट असतं, त्याला कपड्याचा चिमटा लावलेला असतो. तेलाच्या बाटलीचं वर्तुळ पडलेलं असतं. हे कपाट नव्हतं. ही दुकानाची काच होती."

"पण का?" रखवालदार म्हणाला. "मदत त्यांनाच मिळायची होती ना? स्वतःच्याच पायावर धोंडा?"

तेच आक्कांना कळत नव्हतं. लाज म्हणावी, तर लाजेसाठी माणूस घर घालवतो का? त्यांनी डबे पुन्हा पोत्यात भरले.

"सामान बांधू नकोस," त्या म्हणाल्या.

"मग शुक्रवारी काय करणार? सगळ्यांदेखत त्यांना उघडं पाडणार?"

आक्कांनी पोतं उचललं आणि जिना चढायला लागल्या.

६

शुक्रवारी भाऊजींच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. पाहणीवाली पोरगी खुर्चीवर, वकीलबाई पलंगाच्या कडेला, रखवालदार दाराशी. दाराबाहेर शिलाईवाली, तिचं नाव कुणी घेऊ नये म्हणून पुढं न येता. भाऊजी खिडकीपाशी ताठ उभे. कपाटाचं दार बंद.

आक्का मधोमध उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी कपाट भरलेलं होतं," त्या म्हणाल्या. "ही पोरगी खरं बोलली. मी हिला नाही नाही ते बोलले, ते माझं मी परत घेते."

वकीलबाईंनी चमकून पाहिलं. "आक्का, आपण तर पाहणी चुकीची आहे असं म्हणणार होतो."

"आपण जे म्हणणार होतो ते चूक होतं, वकीलबाई. कपाटात डबे होते. पण डब्यात काही नव्हतं." आक्कांनी येताना आणून पलंगाखाली सरकवलेलं पोतं ओढलं, एक डबा काढून पोरीच्या हातात दिला. "ह्याचं नाव सरळ धर. आता खालून बोट घाल."

पोरीनं बोट घातलं. ते पार तळापर्यंत गेलं.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

आक्कांनी खिडकीकडे पाहिलं नाही. मुद्दाम नाही पाहिलं. वाट पाहत राहिल्या. खालच्या रस्त्यावरून एक मोटार गेली, मग दुसरी गेली.

"ह्यानं केलं असणार," बाहेरून शिलाईवाली म्हणाली. "रखवालदारानं. किल्ली त्याच्याकडे. विचारायचं काय त्यात?"

रखवालदार एक पाऊल पुढं आला. "जाऊ द्या," तो म्हणाला. "माझं नाव लिहा. मला तसंही आज काढलंयच. म्हाताऱ्याचं काम तरी होऊ दे."

"नाही," भाऊजी म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं.

"मी केलं. डबे रोज सकाळी फिरायच्या निमित्तानं गोळा करत होतो. लांबच्या गल्ल्यांतून. आठवडा लागला. बाई येताना दिसल्या तेव्हा दिवा लावला, कपाटाचं दार उघडं ठेवलं आणि पाणी आणायला गेलो, म्हणजे त्या निवांत बघतील. त्या गेल्यावर सगळं पोत्यात घालून दाराबाहेर ठेवलं."

"पण का, काका?" वकीलबाई उठून उभ्या राहिल्या. "कपाट रिकामं दिसलं असतं तर मदत मिळाली असती! त्यासाठीच तर पाहणी होती!"

भाऊजींनी आता पहिल्यांदाच सगळ्यांकडे पाहिलं. "टायपिस्टबाईंकडेही अशीच पाहणी झाली होती. अशाच एक बाई आल्या. कपाट उघडलं, आत काही नव्हतं. पंधरवड्यात गाडी आली. म्हणाले, ह्यांना एकटीनं राहणं झेपत नाही. मी त्यांची पेटी जिन्यावरून खाली नेऊन दिली." ते थांबले. "मला वाटलं, रिकामं कपाट दिसलं की मलाही नेतील. म्हणून भरलेलं दाखवलं. म्हणजे लिहितील, म्हाताऱ्याचं बरं चाललंय. राहू दे त्याला इथंच."

पाहणीवालीनं कपाळावर हात नेला. "काका, ती पाहणी वेगळी होती. त्या बाईंनी स्वतःच अर्ज केला होता, गुडघ्यांमुळं. मी भाड्याच्या मदतीसाठी येते. माझ्या पाहणीत रिकामं कपाट म्हणजे मदतीचं कारण. तुम्हाला कुठंही न्यायचा अधिकार मला नाही."

"आम्ही हे त्यांना सांगितलंच नाही," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कचेरीत ते तुमच्याशेजारीच बसले होते, आक्का. आपण दोघीच बोललो."

आक्कांना ते आठवत होतं. भाऊजींनी एकदा तोंड उघडलं होतं, आणि त्यांनीच म्हटलं होतं, तुम्ही गप्प बसा, मी बोलते. ही गोष्ट त्यांनी गिळली. गिळताना कडू लागली.

"मी आज पुन्हा लिहू शकते," पोरगी म्हणाली. "पण जे डोळ्यांनी पाहीन तेच. आणि कपाट काकांनी स्वतः उघडायला हवं. मी उघडणार नाही."

भाऊजी कपाटाकडे गेले. हात कडीवर ठेवला आणि तिथंच राहिला. शहरातल्या सगळ्या काचा ज्यानं भरल्या, त्याला चारचौघांत रिकामा कप्पा दाखवायचा होता. आक्कांचे पाय पुढं सरकले, उघडून टाकावं म्हणून. त्यांनी पदर मुठीत धरला आणि जागीच उभ्या राहिल्या. जन्मात त्यांनी इतकं अवघड काम केलं नव्हतं.

कडी निघाली. दार करकरलं. आत मिठाची बरणी होती. वरच्या कप्प्यावर कागद अंथरलेला, त्याच्या कडा काटेकोर दुमडलेल्या. बाकी काही नाही.

पोरीनं पाहिलं. लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती, मग म्हणाली, "आता हे नाकारायला कुणाला कारण सापडायचं नाही. मालकाला मी स्वतः कळवते की रखवालदाराचा काही संबंध नव्हता."

वकीलबाईंनी डोळे पुसले. शिलाईवाली दारातून नाहीशी झाली होती. भाऊजी उघड्या कपाटासमोर उभे होते, आणि त्यांना मागं वळवत नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "बोला काय बोलायचं ते."

"बोलणारच आहे. इकडं बघा आधी. तुम्ही घाबरलात, त्याचा गुन्हा मी तुमच्यावर धरत नाही. तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही, त्यात माझाही वाटा आहे, तो मी घेते. उपाशी राहिलात, ते तर आपल्या सगळ्यांच्या तोंडाला काळं आहे. पण खाली जिन्यात ह्या माणसावर मी आळ घेत होते, आणि तुम्ही वर कठड्याशी उभं राहून ऐकत होता. तो तुमची लाज झाकत होता, आणि तुम्ही त्याची भाकरी जाऊ दिलीत. ते मी माफ करत नाही, भाऊजी. तो करील तर करील. तेव्हा आता तुम्ही आणि मी, दोघांनी त्याच जिन्यात उभं राहायचं, दारं उघडायला लावायची, आणि ओरडून सांगायचं, ह्याचा दोष नव्हता. आधी मी सांगते, मग तुम्ही. तुमचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला पाहिजे. आणि ते झालं की घरी बसून राहायचं नाही. ह्या इमारतीत अजून किती म्हातारी माणसं कपाट सजवून बसलीत ते मला दिसत नाही, मी नुसती दारात उभी राहून बोलत सुटते. तुम्हाला एका नजरेत दिसेल. उद्यापासून माझ्याबरोबर यायचं. दार तुम्ही ठोठावायचं, बोलायचंही तुम्हीच. मी गप्प बसेन."